हौसराव फिटरचा नळ

दौंडच्या लोको शेडात हौसराव ओव्हाळांच्या कानाला मान होता. वाफेचं इंजिन शेडात येऊन उभं राहिलं की हौसराव त्याच्याभोवती एक चक्कर मारायचे, मान वाकडी करून थांबायचे आणि बोट दाखवायचे, इथं गळतंय. बाकीचे फिटर दिवा घेऊन शोधत बसायचे तोवर हौसरावांचा चहा पिऊन झालेला असायचा. वाफ गळते तेव्हा आधी कुजबुजते आणि मग ओरडते, आपण तिला कुजबुजतानाच धरायचं, असं ते नव्या फिटरांना सांगत. सांगताना हात मिशीकडं जायचा. मिशी तशी बेताचीच होती, पण हात मोठा होता, त्यामुळं भागून जायचं.

गळती म्हणजे त्यांना स्वतःच्या तोंडावर दिलेली शिवी वाटायची. त्यामुळं एकदा का त्यांनी एखादा नट आवळला की तो नट पुन्हा कुणाच्या बापाला ढिला होत नसे. घरातही तीच तऱ्हा. लोणच्याची बरणी हौसरावांनी बंद केली की त्या वर्षीचं लोणचं पुढच्या वर्षीच खायला मिळायचं. सिंधूबाईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, तेलाच्या डब्यापासून काजळाच्या डबीपर्यंत सगळ्या वस्तूंना हात लावायची त्यांना बंदी घातली होती. हौसराव ती बंदी पाळायचे, आणि सिंधूबाई बाजाराला गेल्या की हळूच जाऊन सगळी झाकणं एकदा आवळून ठेवायचे.

असा हा माणूस, शेडात वाघ. पण या वाघाच्या मनात एक काटा होता. त्यांची आई, आक्काबाई, गावाकडं निमोण्यात एकटी राहत होती. वय पासष्टच्या पुढं, कंबर वाकलेली, तरी लोकांच्या रानात दारं धरायला जायची. दारं धरणं म्हणजे पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात वळवत चिखलात उभं राहणं. लेक रेल्वेत पगारदार आणि आई दुसऱ्याच्या रानात गुडघाभर चिखलात, हे आठवलं की हौसरावांना घास गिळवत नसे. दर दिवाळीला ते आईला न्यायला जायचे. दर वेळी ती दोन दिवस येऊन परत जायची आणि म्हणायची, तुझ्या दौंडात मला करमत नाही बाबा, सारखं कुणीतरी शिट्टी मारतंय.

मग शहात्तर सालच्या उन्हाळ्यात हौसरावांना बढती मिळाली आणि बढतीबरोबर नवा क्वार्टर मिळाला. दोन खोल्या, मागं परसू, आणि स्वयंपाकघरात ओट्याला लागून पांढरं शुभ्र चिनीमातीचं सिंक. सिंकावर पितळी नळ. कॉलनीची टाकी इंजिनांना पाणी द्यायची म्हणून कायम भरलेली असायची, त्यामुळं नळालाही दिवसभर पाणी. हौसराव पहिल्याच रविवारी निमोण्याला गेले आणि एवढंच म्हणाले, “आये, घरात नळ हाय. चुलीपास्नं चार पावलांवर.”

आक्काबाई उठली. तिनं गाठोडं बांधलं.

हे एक वाक्य तिला का लागलं, ते सांगायला हवं. तिच्या तरुणपणी त्यांच्या लोकांना विहिरीत आपला दोर सोडता येत नसे. ती गावोगावचीच रीत होती. रिकामी घागर ठेवून लांब उभं राहायचं. वरच्या आळीची एखादी बाई येईल, तिला कीव येईल, ती वरून ओतेल, तोवर ऊन असो की वारा, वाट बघायची. तहान लागली तर ओंजळ पुढं करायची. पुढं ते दिवस गेले. छप्पन्न साली तिनं दीक्षा घेतली, आपली विहीर झाली, घागर भरायला कुणाचं तोंड बघायचं कारण उरलं नाही. तरी पाणी म्हटलं की म्हातारी अजून सावध व्हायची.

दौंडला आली तेव्हा तिनं हातपायही धुतले नाहीत. सरळ सिंकापाशी गेली. नळ सोडला. बंद केला. पुन्हा सोडला. पुन्हा बंद केला. मग हौसरावांकडं वळून तिनं विचारलं की आपण म्हणू तेव्हा याला पाणी येतं का. हौसराव म्हणाले, जेव्हा म्हणशील तेव्हा. असं म्हणताना त्यांची छाती अशी फुगली, जणू भीमेपासून तो पाइप त्यांनीच खांद्यावर वाहून आणला होता. त्या संध्याकाळी सिंधूबाईंनी पुरणपोळी केली, आणि दोन्ही नाती आजीच्या दोन बाजूंना झोपल्या.

चार दिवस सुखाचे गेले. पाचव्या दिवशी नळ टिपकायला लागला.

टिप. जरा थांबून, टिप.

सिंधूबाईंना त्यात काही विशेष वाटलं नाही. नळ आहे, टिपकणारच. पण आक्काबाईला ते बघवेना. पाण्याचा थेंब मोरीत जातो म्हणजे काय. तिनं नळाखाली तांब्या ठेवला. तांब्या भरला तो घागरीत ओतला. घागर भरली ती हंड्यात. हंडा भरला तेव्हा कळशी, मग बादली, मग परात, मग कढई. तिसऱ्या दिवशी घरात कालवण करायला भांडं उरलं नाही. सिंधूबाईंनी तव्यावर आमटी करून बघितली, ती जमली नाही. शेजारचे पोपटराव गार्ड रोज सकाळी दार उघडायचे तो उंबऱ्यावर पाण्यानं भरलेली कळशी. त्यांच्याही घरात नळ होता. पण म्हातारीला नको म्हणायची त्यांची छाती नव्हती, म्हणून ते बिचारे ती कळशी मागच्या दारानं तुळशीला घालायचे. तुळस आठ दिवसांत कुजली.

आणि एक दिवस शेडात, दुपारच्या भोंग्यानंतर, हौसरावांनी जेवणाचा डबा उघडला. वरच्या खणात पाणी. मधल्या खणात पाणी. खालच्या खणात पिठलं होतं, पण तेही पाण्यातून जेमतेम डोकं वर काढून बघत होतं. आजूबाजूचे फिटर बघत होते. हौसरावांनी तोंडावरची सुरकुती हलू न देता मधल्या खणातलं पाणी पिऊन टाकलं आणि म्हणाले, उन्हाळ्याचं असंच खावं.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण आक्काबाईची झोप उडाली होती. डोळा लागला की तांब्या भरायचा, तांब्या भरला की कानाला कळायचं, कारण थेंबाचा आवाज बदलायचा. लेकाचा कान कुणाकडून आला, हे तेव्हा हौसरावांना कळलं. म्हातारीचे डोळे लाल झाले. दहाव्या दिवशी तिनं गाठोडं पुन्हा बांधलं आणि येत्या बाजारच्या दिवशी निमोण्याची गाडी धरणार म्हणून सांगितलं. नळानं मला दावणीला बांधून घातलंय, ती म्हणाली, रानात निदान दिवस मावळला की सुटका तरी व्हायची.

 किती वर्षांनी आई हौसरावांकडं कायमची राहायला आली होती, आणि ती टिपक्यापायी परत चालली होती. आता गेली तर पुन्हा येणार नाही हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी तिच्याकडून रविवारपर्यंतची मुदत मागून घेतली.

सिंधूबाईंचं म्हणणं सरळ होतं. कॉलनीच्या ऑफिसात तक्रारीचं बुक आहे, त्यात लिहा, नळवाला येईल, आतला वायसर बदलेल, पाच मिनिटांचं काम. हौसरावांनी त्यांच्याकडं असं बघितलं की जणू त्यांनी घर विकायला सांगितलं. दोनशे पौंड दाबाची वाफ कोंडणारा माणूस मी, आणि माझ्या घरातला थेंब कोंडायला नळवाला आणू? शेडात तोंड कुठं दाखवू? त्यातून शेजारी पोपटराव. पोपटराव माणूस सोन्यासारखा, पण त्यांची जीभ गाडीबरोबर सोलापूरपर्यंत जायची. आज दौंडात शिंकलं तर उद्या कुर्डुवाडीत लोक विचारायचे, सर्दी बरी आहे का.

रविवार उजाडला. हौसरावांनी धुतलेल्या चादरीवर आपली हत्यारं मांडली. लहान पाने, मोठे पाने, कानस, पॉलिश पेपर, आणि हातभर लांबीचा एक पाना, जो बॉयलरसाठी होता. नाती पाटावर बसून बघत होत्या. आक्काबाई तांब्या धरून उभी होती. हौसरावांनी नळापाशी मान वाकडी केली, कान लावला, डोळे मिटले, आणि निदान सांगितलं की गळतंय. सिंधूबाई म्हणाल्या, ते आम्हाला दहा दिवसांपासून माहीत आहे.

आता इथं एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, नाहीतर पुढं जे झालं त्यावरून कुणी हौसरावांना मूर्ख म्हणेल, आणि ते तसे नव्हते. शेडात इंजिन दुरुस्तीला येतं ते थंड करून. आधी आग काढतात, मग वाफ सोडतात, मग ते निवतं, आणि मग फिटरला बोलावतात. फिटर हात लावून बघतो. गार असलं म्हणजे आत जोर नाही. वीस वर्षांत हौसरावांना कुणी कधी काही बंद करायला सांगितलं नव्हतं. ते काम दुसऱ्याचं. म्हणून त्यांनी नळावर तळहात ठेवला. नळ गार होता. चांगला थंडगार होता. “निवलाय,” हौसराव म्हणाले, आणि त्यांनी वरचं टोपण पान्यात धरून फिरवलं.

टोपण दांडीसकट उडालं ते छताला लागलं. त्याच्यामागून पाण्याचा खांब गेला, तोही छताला लागला, आणि तिथून सगळ्या घरावर सारखा वाटला गेला.

वीस वर्षांची सवय. हौसराव जिवाच्या आकांतानं ओरडले, “आग काढा!” शेडात काही बिघडलं की हेच ओरडायचं असतं. सिंधूबाई बिचाऱ्या इतक्या घाबरल्या की त्यांनी चुलीतली लाकडं खरोखरच बाहेर ओढली आणि वर पाणी ओतलं. त्याची काही गरज नव्हती, चूल केव्हाच विझली होती. हौसरावांनी नळाच्या तोंडावर अंगठा दाबला. त्यानं एवढंच झालं की वर जाणारं पाणी आडवं जायला लागलं, आणि दारातून आत डोकावणाऱ्या पोपटरावांच्या तोंडावर बसलं. पोपटराव परत गेले. थोड्या वेळानं छत्री घेऊन आले.

या सगळ्यात एकच माणूस शुद्धीवर होतं. आक्काबाईनं पदर खोचला, नातींना कामाला लावलं, शेजारणींना हाका मारल्या. हंडे, घागरी, घमेली, पोपटरावांची उलटी धरलेली छत्रीसुद्धा, जे हाती लागेल त्यात पाणी भरून ओळीनं बाहेर जायला लागलं. सगळ्या कॉलनीची झाडं भिजली. पण पाणी काही आटेना. तेव्हा तिनं कमरेवर हात ठेवून लेकाकडं बघितलं. लेक सिंकावर चढून दोन्ही अंगठ्यांनी नळ दाबून बसला होता, डोळे मिटून.

“हौश्या,” ती म्हणाली, “वाफ्यात बसून पाणी बंद हुतंय व्हय? पाटाच्या तोंडाला जा की.”

आणि ती स्वतःच गेली. भिंतीवरच्या पाइपला हात लावत, तो जिथून आला तिकडं, मागच्या दारानं परसात, परसातून कोपऱ्यात. तिथं जमिनीलगत एक लहानसं लोखंडी चाक होतं, गंजलेलं, त्यावर कोंबडी बसली होती. आक्काबाईनं कोंबडी उठवली आणि चाक फिरवलं. आत पाण्याचा खांब बसत बसत गेला आणि नळाच्या तोंडातच विरला. हौसरावांनी पुढची पाच मिनिटं अंगठे काढले नाहीत.

जन्मभर लोकांच्या रानात दारं धरलेल्या बाईला जे कळलं ते रेल्वेच्या फिटरला कळलं नाही, हे पोपटरावांनी छत्री झटकत झटकत मोठ्यानं बोलून दाखवलं. ती बातमी संध्याकाळच्या पॅसेंजरनं गेली.

आता हौसराव इरेला पेटले. झाली ती नाचक्की झाली, पण हा नळ असा दुरुस्त करायचा की रेल्वेनं येऊन बघावा. त्यांनी आतला वायसर काढला. कातड्याची एक चकती, झिजून कागदासारखी झालेली. तेवढीच एक नवी घातली असती तर काम झालं असतं. पण हौसरावांनी ती चिमटीत धरून हसून बघितली आणि फेकून दिली. शेडातल्या भंगारातून आणलेला जॉइंटचा जाड पत्रा त्यांच्याकडं होता, बॉयलरच्या झाकणाखाली घालतात तो. त्याचा त्यांनी वायसर कापला. नळाची आतली बैठक पॉलिश पेपरनं घासून आरशासारखी केली. दांडीभोवती तेलात भिजवलेली अॅसबेस्टॉसची दोरी सात वेढे गुंडाळली. मग हातभर पाना लावला, एक पाय भिंतीला दिला आणि दात खाऊन आवळलं. भिंतीचा थोडा गिलावा पडला.

परसातलं चाक सोडलं. सगळे नळाकडं बघत बसले. टिपका नाही. हौसरावांनी कान लावला. कुजबुजही नाही. अर्धा तास गेला, तासभर गेला. आक्काबाईनं सिंकातला तांब्या उचलून फळीवर ठेवला, भिंतीला टेकली आणि तिथंच बसल्या बसल्या झोपली. ती चांगली पाच तास झोपली. सिंधूबाईंनी तिचं गाठोडं सोडून लुगडी दांडीवर टाकली. हौसराव दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला आत बोलावत होते, नळ दाखवत होते आणि कुजबुजत सांगत होते, हळू बोला, आई झोपलीय.

एक बारीकशी अडचण होती. नळ सुटत नव्हता.

हौसरावांनी पाना लावला की सुटायचा. दुसऱ्या कुणाला नाही. सिंधूबाईंनी दोन्ही हातांनी पिळून बघितलं, मग फडकं धरून, मग लाटण्यानं ठोकून. पोपटरावांनी बाह्या सारून जोर केला, त्यांचं मनगट तीन दिवस हळदीत बांधलं होतं. हौसराव म्हणाले, नवं काम आहे, बसेल हळूहळू. तोवर ते रोज कामावर जाण्याआधी पान्यानं नळ सोडायचे, हंडा, कळशी, बादली, सगळं भरून ठेवायचे आणि पुन्हा आवळून जायचे. सिंधूबाई म्हणाल्या की घरभर भांडी तशीच भरलेली आहेत, फक्त आवाज तेवढा गेला. हौसरावांनी ते ऐकलं नाही. एवढा मोठा कान, पण आपल्याला नको ते त्यातून बरोबर गळून जायचं. आई आहे, झोपतेय, परत जायचं नाव काढत नाही, याच आनंदात ते होते.

पुढच्या गुरुवारी सिंधूबाई दोन्ही मुलींना घेऊन कासुर्डीला भावाकडं गेल्या. भावजय बाळंत झाली होती, मुक्काम होता. शुक्रवारी दिवस उगवायच्या आत शेडातून हौसरावांना बोलावणं आलं. एका गाडीचं इंजिन वाफ धरत नव्हतं, गाडी खोळंबली होती. हौसराव सदऱ्याची बटणं लावत लावतच पळाले. आई झोपली होती, तिला उठवलं नाही. भांडी कालच्या धुण्यात रिकामी झाली होती, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

इंजिनाला त्यांनी तासाभरात बरं केलं. पण एकातून दुसरं निघालं, साहेबांनी पाठ थोपटली, चहा झाला, आणि घरी यायला दोन वाजले. वैशाखाचं ऊन. येताना ते मनातल्या मनात आईला सगळं सांगत होते, गळती कुठं होती, दोघांना सापडली नाही, मग मी गेलो आणि बोट ठेवलं.

आक्काबाई सिंकासमोर फरशीवर बसली होती. मांडीत रिकामा तांब्या. ओठांवर पांढरा थर. शेजारी तो हातभर पाना पडला होता. तिनं तो लावून बघितला होता, नळाच्या मुठीवर दोन-तीन ओरखडे होते, आणि तिच्या डाव्या हाताचं एक बोट सोललं होतं.

“आये,” हौसराव म्हणाले. “शेजारी मागायचं व्हतंस की गं.”

“दिलं असतं. पोपटराव चांगला माणूस हाय,” ती म्हणाली. तिचा घसा खरखरत होता. “पर मागायचंच असतं तर मी निमोण्यालाच ऱ्हायले असते. सकाळधरनं बसलीया. आदी हिरीवर परक्यांची वाट बघितली, आता लेकाची. येवढाच फरक.”

ती रागावली नव्हती, हेच वाईट होतं.  हौसरावांनी झडप घालून पाना उचलला, नळ सोडला, तांब्या भरला आणि गुडघ्यावर बसून आईपुढं धरला. तिचा हात थरथरतोय हे बघून, पाणी सांडेल म्हणून, ते म्हणाले, ओंजळ कर, मी ओततो.

आक्काबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

“वतू नगंस,” ती म्हणाली. “मला सुटंल असा कर. मंग पिते.”

हौसरावांनी विनवलं, आधी पी, मग करतो. ती मान हलवायला तयार होईना. तोंडाला कोरड पडलेली म्हातारी आणि पुढ्यात भरलेला तांब्या, आणि ती त्याला हात लावेना. हौसरावांच्या डोळ्यांतून पाणी आलं. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, शेडातला वाघ, फरशीवर बसून रडत होता. मग तो उठला. आधी परसात जाऊन त्यानं चाक बंद केलं. मग जिथं जायचं नव्हतं तिथं गेला.

पोपटराव दुपारची झोप काढत होते. हौसरावांनी त्यांना हलवून उठवलं आणि विचारलं, “पोपटराव, नळाला वायसर कसा घालायचा?”

पोपटरावांना आधी वाटलं स्वप्न आहे. मग त्यांनी हौसरावांचं तोंड बघितलं आणि ते चेष्टेचा एक शब्दही बोलले नाहीत. त्यांच्या आयुष्यातली ती एकच वेळ असावी. फळीवरून त्यांनी काड्यापेटी काढली, तिच्यात नळवाल्यानं मागे दिलेले दोन रबरी वायसर होते, मऊ, रुपयापेक्षा लहान. त्यांनी त्यातला एक हौसरावांच्या तळव्यावर ठेवला. वरचं टोपण हातानं आवळा, म्हणाले, पान्यानं नको. जिथं अडेल तिथं थांबायचं.

जिथं अडेल तिथं थांबायचं, हे हौसरावांना जन्मात कुणी सांगितलं नव्हतं. घरी येऊन त्यांनी टोपण काढलं, दोरीचे सातही वेढे उलगडले, बॉयलरचा तो पत्रा फेकला, मऊ वायसर घातला. दांडीला सुताचे दोन वेढे दिले. टोपण बसवलं. मग नुसत्या बोटांनी आवळायला लागले. अडलं. हात अजून एक पीळ द्यायला शिवशिवत होता. त्यांनी तो दुसऱ्या हातानं धरून मागं घेतला. सगळं मिळून दहा मिनिटं लागली.

परसातलं चाक सोडून ते आत आले आणि बाजूला उभे राहिले. आक्काबाई भिंतीचा आधार घेत उठली. तांब्यातलं मघाचं पाणी तिनं मोरीत ओतून टाकलं. मग अंगठा आणि एक बोट नळाच्या मुठीवर ठेवलं, आणि नळ सुटला. तिनं तांब्या भरला आणि तिथंच उभ्यानं, घटाघटा, श्वास न घेता प्यायली. दुसरा भरला, अर्धा प्यायली आणि उरलेला लेकाच्या हातात दिला, कारण तोही उन्हातून आला होता.

नळ सुटलेलाच होता. धार सिंकात पडत होती, मोरीत जात होती. सवयीनं हौसरावांनी तो बंद करायला हात पुढं केला, तर तिनं त्यांचं मनगट धरलं.

“ऱ्हाऊ दे जरा,” ती म्हणाली. “आपलंच हाय.”

दोघं माय-लेक तसेच उभे राहून वाहतं पाणी बघत राहिले. मग तिनं स्वतः नळ बंद केला. तोंडाशी एक थेंब जमला, लोंबला, आणि पडला. टिप. हौसरावांची नजर आपोआप पान्याकडं गेली.

“त्याला हात लावू नगंस,” आक्काबाई म्हणाली. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि फरशीवर नीट मांडी घालून बसली. “आन् येक सांग. माजं रेशनकारडावरलं नाव निमोण्याला हाय. ते हितं चढवायला काय कागूद लागतो?”

कुठला कागद लागतो ते हौसरावांना ठाऊक नव्हतं. बाहेर ऊन रणरणत होतं, पण ते तसेच, ओल्या हातांनी, चौकशीला निघाले.